डबा घडणीने टिकतो, जाडीने नव्हे

नगरच्या आडते बाजारात किंवा दाळमंडईत तेलाचा पंधरा किलोचा डबा घेताना गिऱ्हाईक आधी त्याच्या बाजूवर अंगठा दाबून पाहते. पत्रा आत गेला आणि ‘टक्’ असा आवाज झाला, की लगेच उद्गार निघतो : पूर्वीसारखे डबे आता राहिले नाहीत. दुकानदार मान डोलावतो. लग्नाच्या पंगतीसाठी आमरसाचे मोठे डबे उघडणारा आचारीही हेच बोलतो, आणि दिवाळीला आलेला रसगुल्ल्यांचा डबा हातात तोलणाऱ्या आजीही तेच म्हणतात. कंपन्यांनी पत्रा पातळ केला, स्वतःचा पैसा वाचवला, त्यामुळे डबा कमजोर झाला, असे हे मत आहे. आपल्या जिल्ह्यात त्याला विरोध करणारा माणूस क्वचितच भेटतो. मला हे मत चुकीचे वाटते, आणि त्याने नुकसान होते असेही वाटते. डब्यात खरोखर जेथे धोका असतो तेथून ते आपली नजर दुसरीकडे वळवते.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. त्याचा पहिला आधार अनुभवाचा आहे. संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, राहाता या भागांत दोन-तीन पिढ्या दुधावर वाढल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर ‘कॅन’ म्हटले की दूध संघाचा ॲल्युमिनियमचा चाळीस लिटरचा कॅन उभा राहतो. तो टेम्पोतून खाली आपटे, फरशीवरून ओढला जाई, अंगावर पोचे पडत, कडी वाकडी होई, तरी वर्षानुवर्षे रोज दूध वाही. गावोगाव शीतकरणाच्या टाक्या आल्या आणि त्याचे काम कमी झाले, पण त्याने दिलेली समजूत गेली नाही. दुष्काळात रॉकेलच्या रिकाम्या डब्याला आडवी लाकडी दांडी ठोकून त्यातून पाणी वाहिलेली माणसेही अजून आपल्यात आहेत. त्यांच्या हाताला तो पत्रा आठवतो. त्यात नगर हे रणगाड्यांचे गाव. चिलखती दलाचे केंद्र येथे आहे, १९९४पासून रणगाडा संग्रहालय आहे आणि शाळेची सहल तेथे जातेच. जाड पोलाद म्हणजे बळकट, ही गोष्ट या शहरात मूल लहानपणी डोळ्यांनी शिकते.

दुसरा आधार शास्त्राचा आहे, आणि पूर्वपक्षाचा खरा बाण हाच. पातळ भिंतीच्या नळकांड्यावर बाहेरून दाब आला तर ते किती दाबाला आत चेपेल, याचे सूत्र यंत्रशास्त्राच्या पुस्तकांत सापडते. आखूड नळकांड्यासाठी हा दाब जाडीच्या अडीचाव्या घाताने बदलतो. जाडी निम्मी केली तर ताकद निम्मी राहत नाही, पाचव्या हिश्श्याच्याही खाली जाते. पत्रा पातळ केल्याने फारसे बिघडत नाही असे सांगणाऱ्याला या सूत्राचे उत्तर द्यावेच लागेल.

तिसरा आधार इतिहासाचा. इंग्रज दर्यावर्दी विल्यम पॅरी १८२४मध्ये उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेवर निघाला तेव्हा जहाजावर भाजलेल्या मांसाचे डबे होते. छिन्नी-हातोड्याने फोडावा लागे असा जाड पत्रा. त्यांतला एक डबा शंभराहून अधिक वर्षांनी इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी उघडला, तर आतले मांस सडलेले नव्हते. जुने ते सोने म्हणणाऱ्याला याहून चांगला पुरावा कोठे मिळणार?

उत्तराची सुरुवात दुधाच्या कॅनपासून करतो, कारण गल्लत तेथूनच सुरू होते. तो कॅन रोज जातो आणि रोज परत येतो. त्याचे काम दणके सोसण्याचे, आणि ते वर्षानुवर्षे सोसण्याचे. त्यात दूध हवाबंद नसते, झाकण हाताने निघते, संध्याकाळपर्यंत दूध पोचले की काम झाले. आमरसाचा डबा एकदाच भरला जातो, एकदाच प्रवास करतो आणि एकदाच उघडतो. त्या अवधीत त्याला वर्ष-दीड वर्ष हवेचा एक बुडबुडाही आत येऊ द्यायचा नसतो. ज्याचे काम निराळे त्याची ताकदही निराळी मोजली पाहिजे.

बंद डब्यावर भार येतो कोठून? एक भार सर्वांना दिसतो : गोदामातली थप्पी. वरच्या डब्यांचे वजन सर्वांत खालच्या डब्याच्या भिंतीतून जमिनीत जाते. मोठा भार मात्र दिसत नाही, कारण तो हवेचा असतो. रत्नागिरीच्या कारखान्यात हापूसचा रस कढत असतानाच डब्यात भरतात, वरच्या थोड्या रिकाम्या जागेत हवेऐवजी बरीचशी वाफ असते, तेवढ्यात झाकण बसते. डबा उकळत्या पाण्यातून काढून गार केला की ती वाफ पाणी होऊन बसते आणि आत पोकळी उरते. हे मुद्दाम केलेले असते. प्राणवायू कमी राहिला की रंग-चव टिकते, आणि झाकण आत ओढलेले राहिले की डबा शाबूत असल्याची खूण मिळते. पण त्या क्षणापासून बाहेरची हवा डब्याला सर्व बाजूंनी दाबू लागते आणि उघडेपर्यंत दाबतच राहते.

किती दाबते, याचा हिशेब सोपा आहे. आचाऱ्याकडे येणारा ३.१ किलोचा आमरसाचा डबा घेऊ. व्यापारात त्याला ए-१० म्हणतात. आतला व्यास सुमारे १५३ मिलिमीटर, उंची १७८. आतला दाब बाहेरच्यापेक्षा ४० किलोपास्कलने, म्हणजे समुद्रकाठच्या हवेच्या दाबाच्या साधारण दोन पंचमांशाने कमी आहे असे धरा. झाकणाचे क्षेत्रफळ निघते १८४ चौरस सेंटिमीटर, आणि त्यावर हवा लावते सुमारे ७५ किलो वजनाइतका जोर. धडधाकट माणूस त्या झाकणावर उभा आहे आणि महिनोन्‌महिने खाली उतरत नाही, असा तो भार. तळावर तेवढाच. भिंतीवरही सगळीकडून तोच दाब.

आता भिंतीच्या पोलादाचे पाहू. पत्रा पाव मिलिमीटर जाडीचा धरला तर या दाबाने त्यात निर्माण होणारा ताण येतो १२ मेगापास्कलच्या आसपास. डब्याचे साधे पोलाद कायमचे वाकायला याच्या वीसपट तरी ताण लागतो. धातू त्याच्या मर्यादेच्या विसाव्या हिश्श्यावर निवांत असतो. डबा मोडतो तेव्हा पोलाद हरत नाही, डब्याचा आकार हरतो. गोल भिंत एके ठिकाणी सपाट व्हायला लागते, सपाट झाली की तिचा कमानीसारखा आधार जातो, मग ती एकदम आत घुसते. कारखान्यातले लोक याला पॅनेलिंग म्हणतात. हा बिघाड पदार्थाच्या दुबळेपणाचा नसून तोल जाण्याचा आहे. सर्व वादाचे मूळ येथे आहे, म्हणून ते नीट ध्यानात घ्यावे ही विनंती.

याच डब्याला पूर्वपक्षाचे सूत्र लावून पाहू. भिंत अगदी गुळगुळीत असेल तर पाव मिलिमीटरच्या पत्र्याला सुमारे ४८ किलोपास्कलला तोल सोडावा लागेल. आपला भार ४०. प्रत्यक्ष डबा सूत्रातल्या नळकांड्याइतका निर्दोष कधीच नसतो, म्हणजे हा डबा काठावर आहे. पूर्वपक्ष म्हणेल, मग पत्रा जाड करा. करू. पाव मिलिमीटरचा ०.३० केला तर पोलाद वीस टक्के जास्त लागते आणि ताकद साधारण दीडपटीच्या थोडी वर जाते. ठीक आहे. पण आमरसाच्या डब्याच्या अंगावर आडव्या वळ्या असतात, त्या पाहा. त्या शोभेच्या नाहीत. घराच्या छपराचा नागमोडी पत्रा सपाट पत्र्याइतकाच जाड असून त्यावर माणूस चालतो, तोच न्याय येथे आहे. अर्धा मिलिमीटर खोलीच्या वळ्या पाव मिलिमीटरच्या पत्र्यात पाडल्या तर त्या पट्ट्याचा वाकण्याला होणारा विरोध हिशेबाने सहा-सात पट होतो, आणि त्यासाठी पोलाद नाममात्रच जास्त लागते. अडीचाव्या घाताचे सूत्र खरे आहे, पण ते गुळगुळीत भिंतीचे सूत्र आहे. वळ्यांच्या डब्याला ते तसेच लावणे म्हणजे छपराच्या पत्र्याची ताकद तो सपाट आहे असे धरून काढणे. पूर्वपक्षाचा बाण अचूक आहे, पण तो दुसऱ्याच लक्ष्यावर मारला आहे.

मग वळ्या जितक्या खोल तितके चांगले का? नाही, आणि डब्याची खरी कारागिरी येथेच आहे. आडव्या वळ्या बाजूच्या दाबाला विरोध वाढवतात, पण उभ्या भाराला त्याच कमजोरी ठरतात. खोल वळ्यांची भिंत थप्पीखाली भात्यासारखी मिटू पाहते. म्हणून डबा आखणारा माणूस दोन भारांमध्ये तोल साधत असतो : पोकळीच्या दाबासाठी वळ्या हव्यात, थप्पीसाठी त्या फार खोल नकोत. वरखाली काही भाग साधा ठेवायचा, मध्ये वळ्यांचे गट करायचे, त्यांचा उतार फार उभा ठेवायचा नाही. वळ्यांची खोली थोडी बदलली तरी डब्याची थप्पी पेलण्याची ताकद बदलते. ही सगळी ताकद पत्र्याच्या जाडीच्या आकड्यात कोठेच दिसत नाही, आणि अंगठ्याला तर मुळीच कळत नाही.

उभ्या भाराबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती नगरच्या प्रत्येक गोदामाच्या उपयोगाची आहे. पातळ नळकांड्यावर वरून भार आला तर पाठ्यपुस्तकातले जुने सूत्र जी ताकद सांगते, तिच्या बऱ्याच खाली खरे नळकांडे मोडते. हे कोडे विमानांच्या सांगाड्यांमुळे पुढे आले. फॉन कार्मान आणि चिएन यांनी १९४१मध्ये त्याचा माग काढला, आणि नेदरलँड्सच्या वॉर्नर कॉयटर यांनी १९४५च्या प्रबंधात त्याचा सिद्धान्त मांडला : अशा आकारात सूक्ष्मशा दोषानेही ताकद झपाट्याने घटते. याचा पडताळा कोणालाही घेता येतो. शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या रिकाम्या डब्याची भिंत सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीची असते. तो डबा निर्दोष असेल तर अलगद उभ्या राहिलेल्या मोठ्या माणसाला पेलतो. बाजूला बोटाने जरा दाबले की तो त्याच क्षणी चपटा होतो. पत्रा तोच, जाडी तीच, फरक फक्त एका पोच्याचा. म्हणून पोचा पडलेला डबा थप्पीत तळाला ठेवणे चूक आहे. जाड पत्र्याचा डबा असता तरी ही चूक चूकच राहिली असती.

झाकण आणि तळ यांची गोष्टही अशीच. डब्याच्या झाकणावर एकात एक गोल कड्या उठवलेल्या असतात. भाज्या, कडधान्ये, मासे असे आंबट नसलेले पदार्थ डब्यात टिकवायचे तर १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत शिजवावे लागतात, कारण बोट्युलिझमचे जंतू बीजरूपाने उकळत्या पाण्यातही तग धरतात. भट्टीतली वाफ सोडून गार पाणी आत घेतले की बाहेरचा दाब एकदम उतरतो. डब्यातला ऐवज मात्र अजून धगधगत असतो. त्या थोड्या मिनिटांत झाकण बाहेरच्या बाजूला फुगते, आणि डबा निवला की परत आत जाते. हे येणे-जाणे शिवणीवर ताण न पाडता व्हावे म्हणून त्या कड्या. झाकण लवचीक असणे ही त्याची ताकद आहे. लादीसारखे जाड, न लवणारे झाकण केले असते तर सगळा ताण कडेच्या शिवणीवर गेला असता.

येथे नगरच्या वाचकासाठी एक खास गोष्ट. रत्नागिरी समुद्रसपाटीला आहे, नगर शहर सुमारे ६५० मीटर उंचीवर. इतक्या उंचीवर हवेचा दाब साडेसात किलोपास्कलने कमी भरतो. घाट चढून आलेल्या ए-१० डब्याच्या झाकणावरचा जोर त्यामुळे ७५ किलोवरून साठच्या आसपास येतो. त्यात एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली डबा तापला की आतला दाब वाढतो आणि झाकणावरचा जोर आणखी उतरतो. ज्या डब्यात पोकळी पुरेशी आहे त्याला याचे काही वाटत नाही. जो डबा गच्च भरला, किंवा पुरेसा कढत न भरता बंद केला, त्याचे झाकण मात्र येथे येऊन बाहेर उसळू शकते आणि दाबले की ‘टक्’ वाजते. या ‘टक्’चा अर्थ लावावा लागतो. भिंतीवरच्या ‘टक्’ला काही अर्थ नाही. झाकणावरच्या ‘टक्’चा अर्थ असा, की आत पोकळी उरलेली नाही. कारण भरताना झालेली चूक असेल, आंबट पदार्थाने पत्र्याला खाऊन निर्माण केलेला हायड्रोजन असेल, किंवा जंतूंनी केलेला वायू असेल. घरी बसून यांतला फरक ओळखता येत नाही, म्हणून असा डबा खाऊ नये. आपले लोक भिंत दाबतात आणि झाकण बघतही नाहीत.

आता शिवण. माझ्या मते डब्याची निम्म्याहून अधिक ताकद येथे असते, आणि चर्चेत तिचे नावही निघत नाही. अंगाची वरची कड बाहेर वळवतात, झाकणाची कड तिच्याखाली मुडपतात, आणि दोन्ही मिळून दाबतात. एकूण पाच थर होतात, तीन झाकणाचे, दोन अंगाचे. मध्ये रबरासारख्या लेपाची पातळ रेघ असते. अंगाचा आकडा आणि झाकणाचा आकडा एकमेकांत मिलिमीटरभर अडकलेले असले पाहिजेत. हा मिलिमीटर कमी पडला तर भिंत कितीही जाड असो, डबा गळका. चांगल्या कारखान्यात पाळीमधून ठरावीक वेळाने डबे काढतात, शिवण कापून उलगडतात आणि प्रत्येक आकड्याची लांबी मोजतात. जाड पत्र्याने येथे मदत होण्याऐवजी अडचणच होते, कारण इतक्या घट्ट घड्या जाड पत्र्याच्या पडत नाहीत.

म्हणूनच जुना जाड डबा अशा दुहेरी घडीचा नव्हता. तो डाग देऊन, म्हणजे शिसे मिसळलेल्या झाळणीने जोडलेला असे. कल्हईवाल्याच्या भट्टीशेजारी वाढलेल्या पिढीला हे काम ठाऊक आहे. दुहेरी घडीचा डबा विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत रूढ झाला, पण बाजूची उभी शिवण पुढे अनेक दशके झाळूनच होत राहिली. अन्नाच्या डब्यांत शिशाच्या झाळणीवर अमेरिकेने थेट बंदी आणली ती १९९५मध्ये. आता ती शिवण विजेने वितळवून जोडतात, आणि पातळ पत्र्याला हे जोडकाम फार सुबक बसते. ‘पूर्वीचा मजबूत डबा’ हवा म्हणणाऱ्याने त्या मजबुतीत शिसेही होते हे लक्षात घ्यावे.

पॅरीच्या डब्याचे उत्तर यातूनच मिळते. तो शंभर वर्षे टिकला, कारण त्याची झाळणी कोठे फुटली नाही आणि आतले मांस नीट शिजवलेले होते. जाडीमुळे टिकला असता तर तितकेच जाड दुसरे डबेही टिकले असते, आणि इतिहास उलट सांगतो. इंग्लंडच्या आरमाराला गोल्डनर नावाचा पुरवठादार डबाबंद मांस देत असे. १८५२च्या जानेवारीत पोर्ट्समथजवळच्या कोठारात त्याचे ३०६ डबे उघडले, तेव्हा खाण्याजोगे निघाले अवघे ४२. बाकीच्यांची दुर्गंधी इतकी होती की तपासनीसांना थांबावे लागे. पत्रा जाडच होता. पण डबे फार मोठे झाले होते आणि त्यांच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचत नव्हती. म्हणजे एक जाड डबा टिकला आणि शेकडो जाड डबे सडले. ज्या गुणाने दोन्हींत फरक पडत नाही तो गुण टिकण्याचे कारण कसा होईल?

तेलाच्या चौकोनी डब्याकडे परत येतो, कारण अंगठ्याची परीक्षा तेथे चालते. चौकोनी डब्याची सपाट बाजू दाबली की आत जाणारच. सपाट पत्रा पाव मिलिमीटरचा असो की अर्ध्याचा, कमानीचा आधार त्याला नाहीच. तिच्यावर उठवलेल्या आडव्या-तिरप्या पट्ट्या थोडा ताठपणा देतात, पण भार वाहण्याचे काम त्या बाजूंचे नाही. थप्पीचे वजन उतरते ते चार उभ्या कोपऱ्यांतून आणि वरच्या-खालच्या घड्यांतून. तेल पातळ असल्याने बाजूवर आतून येणारा दाबही फार थोडा, तळाशी जेमतेम तीन किलोपास्कल. अंगठा दाबणारा माणूस डब्याचा जो भाग काहीच उचलत नाही त्याची परीक्षा घेतो, आणि कोपरा दबला आहे का, तळाची घडी तेलकट आहे का, हे पाहत नाही. डब्यावर छापलेले ‘१५ किलो’ आहे की ‘१५ लिटर’ हेही पाहत नाही. तेलाचे एक लिटर सुमारे ९१० ग्रॅम भरते. पंधरा लिटर म्हणजे १३ किलो ६५० ग्रॅम. पत्र्यात वाचलेल्या चार पैशांची चिंता करणाऱ्या गिऱ्हाइकाला सव्वा किलोहून जास्त तेलाचा फरक दिसत नाही, हे मला खरोखर बोचते.

जाडीच्या वेडाचा आणखी एक दुष्परिणाम आहे. जाड, न चेपलेला रिकामा डबा टाकून द्यावासा वाटत नाही. तो भंगारात जातो, तेथून घासूनपुसून पुन्हा कोणाच्या तरी सुट्या तेलाखाली येतो. एकदा वापरलेले पत्र्याचे डबे अन्न भरायला पुन्हा वापरू नयेत, असा स्पष्ट नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या वेष्टन-नियमावलीत आहे. कारण आतला कथलाचा मुलामा पहिल्या वापरात आणि घासण्यात खरवडला जातो, उघडलेले तोंड पुन्हा डाग देऊन बंद होते, आणि जुन्या तेलाचा खवटपणा घडीत बसलेला असतो. भारतीय मानक संस्थेने पंधरा किलोच्या चौकोनी डब्यासाठी वेगळे मानक ठरवले आहे, आयएस १०३२५. त्याप्रमाणे बनलेला नवा डबा अंगठ्याला लवचीक लागला तरी, दुसऱ्यांदा भरलेल्या जाड डब्यापेक्षा शंभरपट विश्वासाचा आहे.

पूर्वपक्षाचे सगळेच खोटे आहे असे मी म्हणत नाही. दोन ठिकाणी तो बरोबर आहे. पातळ पत्र्यात गंजाला खायला जागा कमी असते. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या गोदामात, मिठाच्या पोत्यांशेजारी ठेवलेला पातळ डबा लवकर भोके पाडून घेतो. आणि पातळ डबा आखताना तो खोक्यात, ओळीने, वरून सपाट भार घेऊन प्रवास करेल असे धरलेले असते. आपल्याकडे खोके फोडून सुटे डबे टेम्पोत फेकतात, हमाल वरून खाली टाकतात, थप्पी वाकडी लागते. मग डबा चेपतो आणि दोष पत्र्याला मिळतो. या दोन्हींवर उपाय जाडी नव्हे. पहिल्यावर उपाय कोरडी जागा, फळीवर मांडलेली थप्पी आणि बाहेरून चांगले लाखेचे अस्तर. दुसऱ्यावर उपाय खोके न फोडणे आणि हमालांना उतरवण्यासाठी घसरफळी देणे. प्रत्येक डब्यात वीस टक्के पोलाद वाढवायचे, ते खाणीतून काढायचे, वितळवायचे, वाहायचे, आणि हे सगळे एका टेम्पोतल्या बेफिकिरीची भरपाई म्हणून करायचे, हा व्यवहार मला मान्य नाही.

राहात्याचा पेरू, श्रीगोंद्याचे लिंबू, पारनेर-संगमनेरकडची डाळिंबे आणि सीताफळे यांचा गर, रस डब्यात घालण्याचा विचार जिल्ह्यातले तरुण आणि महिला गट करतात. त्यांच्याशी सरळ बोलतो. डबे देणारा दलाल तुम्हाला पत्र्याची जाडी सांगेल आणि जाड पत्र्याचे जास्त पैसे मागेल. ते पैसे देऊ नका. त्या पैशांत शिवण मोजायचा मायक्रोमीटर घ्या, पोकळी मोजायचा काटा घ्या, आणि रोज, प्रत्येक पाळीत, डबे कापून आकड्यांची लांबी वहीत लिहा. गर किती अंशांवर भरला तेही लिहा. तुम्ही नगरच्या उंचीवर भरलेला डबा मुंबईला उतरेल तेव्हा त्याच्यावरचा हवेचा दाब वाढेल, तेव्हा वळ्या असलेलाच डबा मागा. राहुरीला १९६८पासून कृषी विद्यापीठ आहे, तेथे कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. शिवण कापून तपासायचे शिक्षण तेथे मागा, आणि मिळेपर्यंत मागत राहा.

आणि गिऱ्हाइकांना एवढेच सांगणे : भिंत सोडा. झाकण आत बसलेले आहे का, कडेच्या घडीवर पोचा, गंज किंवा ओघळ आहे का, वजन किलोत लिहिले आहे की लिटरमध्ये, आणि डबा पहिल्यांदाच भरलेला आहे का, हे पाहून पैसे द्या. झाकण फुगलेला डबा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. घरात सापडला तर उकळून खाण्याचा विचार करू नका, न उघडता टाकून द्या.